आम्ही पाहिलेली वसईची जुनी चर्च

आमच्या वर्गाची सहल वसईला गेली होती. करावे गावातून गाडी पहाटे निघाली. वसईचा किल्ला समुद्राला लागून आहे. त्याच्या आत पोर्तुगीज लोकांचं अख्खं शहर होतं. आता तिथे झाडी आणि पडक्या भिंती आहेत. पण चर्चच्या भिंती अजून उंच उभ्या आहेत.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. १७३९ साली मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मी वजाबाकी केली, २०५ वर्षे होतात. मराठ्यांनी तटाला सुरुंग लावले होते. चौथीच्या इतिहासात आम्हाला शिवाजी महाराज आहेत, म्हणून ही गोष्ट गुरुजींनी झाडाखाली बसवून सांगितली.

मुलांना लढाईच हवी होती. मला घंटांची गोष्ट आवडली. वसईच्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे. वाईजवळ मेणवलीला एक आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांचं चित्र आहे. म्हणजे चर्च पडलं तरी घंटा वाजतेच आहे!

सेंट जोसेफ चर्चचा मनोरा सगळ्यांत उंच. आत गोल गोल जिना आहे. गुरुजींनी वर चढू दिलं नाही, आम्ही खालूनच माना वर करून बघितलं. तिथल्या दगडावर १६०१ साल कोरलेलं आहे. त्या साली हे चर्च दुरुस्त केलं. छप्पर लाकडी होतं ते गेलं, दगड-चुन्याच्या भिंती राहिल्या. दुसऱ्या एका चर्चमध्ये, फ्रान्सिस्कन साधूंच्या, जमिनीवर सगळीकडे थडग्यांचे दगड आहेत. त्यावर अक्षरं आहेत, पण भाषा पोर्तुगीज. पाय कुठे ठेवायचा तेच कळेना. मी चपला हातात घेतल्या.

गोन्सालो गार्सिया नावाचे संत वसईला जन्मले. त्यांची आई इथलीच होती. त्यांना १५९७ साली जपानमध्ये नागासाकी इथे क्रुसावर मारलं. १८६२ साली त्यांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. किल्ल्यात त्यांच्या नावाचं चर्च आहे.

आता एक गोष्ट लिहू का नको, असं वाटतं. भिंतीवर पुष्कळ लोकांनी नावं लिहिलेली होती. मी पण विटेचा तुकडा घेतला आणि माझं नाव लिहायला लागले. दोन अक्षरं झाली तेवढ्यात गुरुजी आले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "चारशे वर्षांत या भिंतीनं तुझ्याकडे काय मागितलं?" मग मी बाटलीतलं पाणी ओतून ओढणीने घासलं. एक काना निघाला, अक्षरं नाही निघाली. पाणी संपलं. परत येताना मी खिडकीत बसले पण बोलले नाही.

गेटजवळ एक म्हातारी बोरं विकत होती. तिच्या गळ्यात क्रूस होता. तिने विचारलं, "आमची देवळं बघितली का?" ती चर्चला देऊळ म्हणत होती. बोरं आंबट होती, पण आम्ही सगळी संपवली.

घरी आजीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "छप्पर नाय त मंग देव कुठं बसल गो?" मला उत्तर आलं नाही. मी सांगितलं की सणाला लोक अजून तिथे जमतात आणि प्रार्थना करतात. तेव्हा ती म्हणाली, "मंग हाय तो."

नावाची गोष्ट मी तिला सांगितली नाही. ती हे भित्तिपत्रक बघायला येईल तेव्हा तिला कळेलच, कारण बाबा वाचून दाखवतात. पावसाने ती दोन अक्षरं धुऊन गेली का, ते बघायला मला पावसाळा संपल्यावर परत वसईला जायचं आहे.