डब्यावरचं ‘साइड’ म्हणजे काय?

प्रश्न : आमचं सोयाबीन आहे. औषधांच्या डब्यांवर इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड असं छापलेलं असतं. शेवट सारखाच, मग फरक कसा ओळखायचा?
– एक शेतकरी, ता. रिसोड, जि. वाशीम

उत्तर : ‘साइड’ आलं लॅटिनमधल्या ‘मारणे’ या क्रियापदावरून. कुणाला मारायचं, ते पुढचा भाग सांगतो. इन्सेक्ट म्हणजे कीटक, फंगस म्हणजे बुरशी, हर्ब म्हणजे वनस्पती. उंटअळी, चक्रीभुंगा असेल तर इन्सेक्टिसाइड, तांबेऱ्यावर फंगिसाइड. पिवळा मोझॅक मात्र विषाणूजन्य. त्यावर बुरशीनाशकाचा खर्च वायाच जातो. रोगट झाडं उपटा आणि तो पसरवणारी पांढरी माशी आवरा.

हर्बिसाइड म्हणजे तणनाशक. त्याचा पंप शक्यतो वेगळाच ठेवा. उरलेल्या अंशानंही उभं पीक करपतं.

१९६८च्या कीटकनाशक कायद्यात ‘इन्सेक्टिसाइड’मध्ये बुरशीनाशकं आणि तणनाशकंही येतात. त्यामुळे दुकानाच्या परवान्यावरच्या शब्दावर जाऊ नका, डब्यावरचं नाव वाचा. तिथल्या चौकोनातला खालचा त्रिकोणही पाहा : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. शंका असेल तर पानाचा नमुना करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, औषध त्यानंतरच घ्या.