सुताचा पीळ आणि विजेच्या लहरी

आपला वर्धा जिल्हा कापसाचा. कापसाच्या तंतूंस पीळ दिला म्हणजे सूत होतें; अंबाडीच्या तंतूंस पीळ दिला म्हणजे बैल बांधावयाचा दोर होतो. पिळानें द्रव्य बदलत नाहीं, परंतु मोकळ्या तंतूंत नसलेलें बळ त्यानें येतें. द्रव्य तेंच, रचना निराळी, म्हणून गुणही निराळा. विजेच्या लहरींच्या बाबतींतही रचनेचा असाच प्रभाव कसा दिसतो, हें आज पाहावयाचें आहे.

दोराचें एक टोक खिडकीच्या गजास बांधा व दुसरें हातांत धरून हलवा. हात खालींवर हलविल्यास लाट उभी धांवते, डावीउजवीकडे हलविल्यास आडवी. ज्या पातळींत दोर हलतो ती कंपनाची पातळी. आणि एका लाटेच्या माथ्यापासून पुढील लाटेच्या माथ्यापर्यंतचें अंतर म्हणजे लहरीची लांबी होय. रेडिओच्या लहरी आणि प्रकाश हीं एकाच कुळांतलीं भावंडें आहेत. भेद काय तो लांबीचा. रेडिओची लहर कित्येक मीटर लांब असूं शकते, तर प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या सुमारें दोन हजाराव्या भागाइतकीच असते.

साखरेच्या पाण्यांतून जातांना प्रकाशाच्या कंपनाची पातळी वळते. याचें मूळ साखरेच्या रेणूंच्या घडणींत आहे. पण रेणू डोळ्यांस दिसत नाहींत. तेव्हां कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील अध्यापक जगदीशचंद्र बोस यांनीं तागाच्या पिळलेल्या जुड्या घेऊन त्यांनाच रेणूंच्या जागीं मानलें, आणि त्यांतून आंखूड विद्युत्-लहरी सोडल्या. उजव्या पिळानें पातळी एका बाजूस वळली, डाव्या पिळानें दुसऱ्या बाजूस, आणि दोन्ही जुड्या सारख्या मिसळतांच वळण नाहींसें झालें. हा प्रयोग १८९८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. उजव्या पिळाचा दोर उलट टोकाकडून पाहिला तरी उजवाच राहतो, हें घरीं पडताळून पाहा. म्हणजे जुडी उलटसुलट ठेवली तरी तिचें काम कां बदलत नाहीं, तें उमजेल.

या विद्येंत एक अट मुख्य आहे. रचनेचे भाग लहरीहून पुष्कळ लहान असले, तरच लहर त्यांना सुटे न मानतां एक अखंड द्रव्य समजते. याचें उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जी. एम. आर. टी. ही रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. तिच्या ३० थाळ्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. थाळी पत्र्याची नसून बारीक तारेच्या जाळीची आहे. जाळीचीं घरें १० ते २० मिलिमीटरचीं. आकाशांतून येणाऱ्या ज्या लहरी ती टिपते, त्या सुमारें २० सेंटिमीटर व त्याहून लांब. त्यांना ही जाळी म्हणजे अखंड आरसाच! वारा मात्र आरपार जातो. म्हणून थाळ्या हलक्या झाल्या आणि खर्चही आटोक्यांत राहिला.

हीच युक्ति पुढें नेली म्हणजे ‘मेटामटेरियल’ होतें, म्हणजे निसर्गांत सहसा न आढळणारे गुण केवळ रचनेच्या बळावर दाखविणारें द्रव्य. लहरीला नेहमींच्या उलट बाजूस वांकविणारें द्रव्य असूं शकेल, असें रशियाचे व्हिक्टर व्हेसेलागो यांनीं १९६७ सालीं गणितानें दाखविलें. तें प्रत्यक्षांत दिसलें २००१ सालीं, अमेरिकेंत, तांब्याच्या लहान कड्या व पट्ट्या ओळीनें मांडून. इंग्लंडचे जॉन पेंड्री यांच्या सिद्धांतावरून २००६ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत तांब्याचा एक लहान नळकांडा विद्युत्-लहरींपासून बराचसा लपविण्यांत आला. लहरी त्याला वळसा घालून पुढें गेल्या.

यावरून ‘अदृश्य झगा’ आला अशी हाकाटी झाली. पण ती लपवणूक सुमारें साडेतीन सेंटिमीटर लांबीच्या लहरींपुरतीच होती, आणि तीही अपुरी. प्रकाशासाठीं त्याच्या लहरीहून बारीक घडण हवी, आणि तें काम फार कठीण आहे. तेव्हां झगा पांघरून परीक्षेच्या खोलींतून निसटण्याची आशा कोणीं धरूं नये!

परंतु साहित्य नाहीं म्हणून प्रयोग नाहीं, ही सबबही कोणीं सांगूं नये. एका मोठ्या विद्येचा आरंभ तागाच्या जुडीनें झाला. हातांतली वस्तु साधी असो. ती कशी मांडावी, याचा विचार मात्र आपला असावा.