चढापूर्वीची धडधड

शास्त्रपाठ : इब्री १२:१-३, लूक २२:३९-४६, १ करिंथ २:१-५

पाठाचा उद्देश : भीती वाटणे म्हणजे अविश्वास नव्हे हे मुलांना समजावे, आणि ती प्रभूजवळ व सोबत्यांजवळ बोलून दाखविण्यास त्यांना धीर यावा.

बेळगावाहून पुण्याकडे जाताना वाटेत सातारा लागतो. तेथे २०१२ साली डोंगरी अर्ध मॅरेथॉन सुरू झाली. अंतर २१ किलोमीटरांहून थोडे अधिक. शहरातून निघालेले धावपटू यवतेश्वराचा घाट चढून कासच्या दिशेने जातात व त्याच रस्त्याने खाली परततात. शर्यत रविवारी सकाळी असते, म्हणून उपासनेचा प्रश्न उभा राहतो. त्याचा विचार स्वतंत्र पाठात व्हावा.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका तरुणाने या शर्यतीत नाव नोंदविले. आदल्या रात्री त्याचा फोन आला. "सर, पोटात गोळा आलाय. जेवण जात नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?"

आम्ही चटकन म्हणालो, "देवाच्या लेकराने घाबरायचं नसतं. प्रार्थना कर आणि झोप."

"बरं, सर," म्हणून त्याने फोन ठेवला. पुढे त्याने सांगितले की, त्या रात्री शर्यतीची भीती होतीच, वर भीती वाटते याची लाजही वाटू लागली. सकाळी तो उपाशीपोटी उभा राहिला, भीती झाकण्यासाठी पहिल्याच चढावर जोरात सुटला, आणि माथा येण्यापूर्वीच रस्त्याच्या कडेला बसला. त्याच्या त्या बसण्यात आमच्या उत्तराचा मोठा वाटा होता.

१. शरीरात काय घडते?

मोठ्या कष्टाची चाहूल लागली की शरीर ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. हृदय धडधडते, श्वास वाढतो, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते. म्हणून पोटात कालवते व तोंड कोरडे पडते. ही कष्टाची पूर्वतयारी आहे, आणि शरीराची ही घडण देवानेच केली आहे. मात्र याच जोमामुळे मनुष्य आरंभीच वेगाने सुटतो. साताऱ्यात चढ पहिल्या अर्ध्या भागात असल्याने ही चूक महाग पडते. जाणते धावपटू चढावर पावले आखूड टाकतात, बोलता येईल इतकाच वेग ठेवतात व गरज पडल्यास चालतात. उतारावर अंगाला आवर घालण्याचा भार मांड्यांवर येतो, म्हणून तेथील बळ ते राखून ठेवतात.

२. शास्त्र काय शिकविते?

इब्री १२:१ मध्ये शर्यतीसाठी 'अगोन' हा मूळ ग्रीक शब्द आहे. त्याच कुळातील 'अगोनिया' हा शब्द लूकने गेथशेमाने येथील प्रभूच्या व्यथेसाठी योजिला आहे (२२:४४). झुंजीपूर्वीच्या घालमेलीलाही ग्रीक लोक हाच शब्द वापरीत. ज्याच्याकडे पाहत आपण धावावयाचे, त्यालाही ही घालमेल ठाऊक आहे. त्याने ती लपविली नाही. तिघा शिष्यांना जवळ घेऊन आपल्या जिवाची अवस्था सांगितली (मत्तय २६:३७-३८), पित्याजवळ पुन्हा पुन्हा विनंती केली, आणि मग उठून तो पुढे गेला.

पौलाचेही असेच. करिंथकरांना धावण्याचा दाखला देणारा हा प्रेषित (१ करिंथ ९:२४) त्याच पत्रात कबूल करतो की, आपण त्यांच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भयाने कापत होतो (२:३). कापत कापत का होईना, तो गेला व त्याने सुवार्ता सांगितली.

३. आपण काय करावे?

परीक्षेला निघालेले मूल, शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली बहीण, प्रथमच प्रार्थना चालविण्यास उभी राहणारी तरुणी, हे सारे आपल्याला तोच प्रश्न विचारतात. वचन सांगण्याची घाई न करता प्रथम त्यांचे ऐकून घ्यावे. लाज हेही एक ओझेच आहे. ते आपण त्यांच्या पाठीवर ठेवू नये.

पुढील वर्षी तो तरुण पुन्हा गेला. या खेपेस आम्ही त्याच्यासोबत होतो. "भीती वाटते?" आम्ही विचारले. "वाटते, सर." आम्हालाही त्याच्यासाठी धास्ती वाटत होती, ती आम्ही बोलून दाखविली. मग दोघांनी वरणभात खाल्ला, प्रार्थना केली व निजलो. सकाळी तो चढावर निम्मा चालला, निम्मा धावला, आणि पोहोचला. संध्याकाळच्या उपासनेनंतर मंदिराच्या पायऱ्या तो कठड्याला धरून उतरत होता व हसत होता.

चर्चेसाठी प्रश्न

१. प्रभूने आपली व्यथा शिष्यांना का सांगितली असावी?
२. भीती वाटली तेव्हा कोणाच्या शब्दाने तुम्हांला धीर आला? कोणाच्या शब्दाने लाज वाटली?
३. या आठवड्यात तुमच्या ओळखीचे कोण चढापुढे उभे आहे? त्याच्यासोबत जेवावयास कोण जाईल?

प्रार्थना : हे प्रभू, आमची धडधड तू जाणतोस. ती तुजपासून लपवू नये व दुसऱ्याची ऐकून घ्यावी, असे आम्हांस शिकव. आमेन.