गव्हाचे वाण अनेक, कुळें किती?

तांबेरा पडला म्हणजे आपण पुढील सालीं बियाणें बदलतों. पण नवें म्हणून आणलेलें बीं जुन्याचेंच भावंड असेल, तर नांवाखेरीज बदललें तें काय? ओंबीचा आकार, कुसळांचा रंग, दाण्याचें तेज ह्यांवरून वाण ओळखण्याची आपली रीत उपयोगी खरी. मात्र कुळांतील भेद तिला दिसत नाहीं. तो दाखविणाऱ्या रेणवीय खुणांचा परिचय वाचकांस करून द्यावा, असें आम्हांस वाटतें.

प्रत्येक पेशींत डीएनए नांवाचे लांब धागे असून त्यांवर चार रासायनिक अक्षरांत वंशाचे गुण नोंदलेले असतात. धाग्यावर कांहीं ठिकाणीं दोन-तीन अक्षरांचा गट लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो. समजा, एका वाणांत पंधरा वेळां, तर दुसऱ्यांत वीस वेळां. पानाचा लहानसा तुकडा घेऊन प्रयोगशाळेंत तेवढ्याच भागाच्या असंख्य नकला करितात व त्या अगरापासून केलेल्या लिबलिबीत थरांतून विजेच्या प्रवाहानें ओढतात. आंखूड तुकडे पुढें जातात, लांब मागें राहतात. अशा पुष्कळ ठिकाणांची तुलना केली म्हणजे दोन वाण सख्खे कीं परके, हें कळतें.

हें निव्वळ विद्वानांचें कौतुक नव्हे. इ. स. १९९५ सालीं प्रसारित झालेल्या पीबीडब्ल्यू ३४३ ह्या वाणाखालीं उत्तर हिंदुस्थानांत लाखों एकर जमीन आली; पुढें पिवळ्या तांबेऱ्याच्या बुरशीचा नवा प्रकार निपजला व त्या वाणाची प्रतिकारशक्ति निकामी झाली. काळ्या तांबेऱ्याचेंही तसेंच. राय ह्या धान्यापासून गव्हांत आणलेलें एसआर ३१ हें जनुक जगांतील पुष्कळ वाणांत होतें. १९९८ सालीं युगांडांत त्यास न जुमानणारा प्रकार आढळला. वाड्यांचीं नांवें निराळीं, पण कुलूप एकच. चोरास एक किल्ली पुरली.

म्हणून एका वाणांत दोन-तीन रोधक जनुकें एकत्र आणितात. येथें डोळा अगदींच हरतो, कारण एक जनुक असलेलें रोप व दोन असलेलें रोप सारखेंच निरोगी दिसतें. जनुकालगतची खूण तपासल्यास रोगाची वाट न पाहतां रोपावस्थेंतच निवड होते. ह्याच रीतीनें लुधियानाच्या कृषि विद्यापीठानें रानटी नातलगांकडील जनुकें घालून २०१७ सालीं उन्नत पीबीडब्ल्यू ३४३ तयार केला.

पिवळा तांबेरा थंड हवेचा; आपल्याकडे भय काळ्या व नारिंगीचें. आणि काळ्यावरील औषध आपल्याच कोठारांत होतें! आपल्या खपलीपासून परदेशीयांनीं एसआर १३ व एसआर १४ हीं जनुकें साध्या गव्हांत नेलीं. त्यांपैकीं एसआर १३ युगांडाच्या त्या प्रकारासही दाद देत नाहीं. खपलीचीं गुणसूत्रें २८ व साध्या गव्हाचीं ४२, तेव्हां हा संकर सोपा नव्हता.

खुणांवरून उत्पन्न मात्र कळत नाहीं. त्यासाठीं शेतावरील चाचणीच हवी. बियाणें घेतांना नांवाबरोबर त्याचे जनक वाण कोणते, हें विचारावें, व सर्व रान एकाच कुळाखालीं घालूं नये. ज्यांच्या घरीं खपलीचें जुनें बीं असेल त्यांनीं तें इतर गव्हांत मिसळूं न देतां तुसासकट वेगळें राखावें व त्यांतील शेर-दोन शेर निफाड येथील संशोधन केंद्रास किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेस दाखवावें.