झेंडूचे बी घरीच धरूया

दसरा-दिवाळीला झेंडू चार पैसे देतो, हे जव्हार-मोखाड्याच्या बायकांना आता सांगावे लागत नाही. पण त्यातले काही पैसे दरवर्षी रोपे विकत घेण्यात जातात, आणि बी तर आपल्याच अंगणात वाळत पडलेले असते. म्हणून या धड्यात फक्त बी धरण्याविषयी लिहिते.

सण झाल्यावर उतरवलेले हार-तोरण पुष्कळजणी चुरडून टाकतात. त्यातूनही रोपे येतात, पण थोडी. ती फुले विक्रीसाठी ताजी खुडलेली असतात. आतले बी पुरते पिकलेले नसते. चिमटीत धरून पाहा. भरलेले बी काळे आणि टणक लागते, पोकळ बी चपटे होते. चांगले बी हवे असेल तर फूल झाडावरच वाळले पाहिजे.

झाडे निवडायची ती बहर भरात असताना. ज्या झाडाला फांद्या जास्त, फुले मोठी आणि घट्ट, पाने निरोगी, त्याला रंगीत चिंधी बांधा. सगळे वाळल्यावर कोणते झाड कसे होते ते ओळखता येत नाही. मी अशी तीन-चार झाडे राखायला सांगते. विकत आणलेले रोप संकरित असेल तर त्याच्या बियांची झाडे एकसारखी येत नाहीत. म्हणून गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला झेंडू असेल तर त्याचेच बी धरा.

आता अडचणीची गोष्ट. फूल उमलल्यापासून बी पिकायला महिनाभर तरी लागतो, कधी जास्तही. दिवाळी झाली की पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर जातात. दिवाळीची फुले बियांसाठी सोडली तर ती पिकतात तेव्हा घराला कुलूप असते. म्हणून दसऱ्याचीच फुले सोडावी लागतात, आणि नेमका तेव्हा भाव असतो! बायका कुरकुरतात, ते मला पटते. पण हिशोब करा: दहा-बारा फुले विकून किती येतात? आणि एका भरदार फुलातून पन्नास रोपे तरी होतात. तरीही काही फुले हिरवी राहिली तर घरी राहणाऱ्या म्हातारीला ती झाडे दाखवून ठेवा. हे काम आजी आमच्यापेक्षा चांगले करतात.

फुलाचा देठ व खालची पुडी तपकिरी झाली की दव उडाल्यावर, दुपारी, फुले खुडा. सुपात पसरून चार-पाच दिवस सावलीत वाळवा. बी वाकले तर ओल आहे, कट्‌कन मोडले तर वाळले. मग कागदाच्या पुडीत बांधा, पुडी कोरड्या राखेसह बरणीत ठेवा आणि वर रंग व महिना लिहा. चुलीवरच्या फळीवर बरणी ठेवू नका; उष्णतेने बी मरते. बी पुढच्या हंगामातच वापरा, जुने झाले की उगवण घटते.

पेरण्याआधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवड्यात चौदा-पंधरा फुटल्या तर बी चांगले. निम्म्याच फुटल्या तर दाट पेरा. दसऱ्याच्या साधारण तीन महिने आधी गादीवाफ्यावर ओळीत पेरा आणि वर बोटाच्या पेराच्या चौथाईइतकीच माती टाका. पेरणाऱ्याच्या दाखल्यात वाटेवरचे बी पाखरे खातात. आपल्याकडे ते काम मुंग्या करतात, म्हणून वाफ्याभोवती राखेची रेघ ओढा. पाऊस ती धुऊन नेतो, पुन्हा ओढावी लागते. महिन्याने रोपे हातभर अंतरावर लावा, आणि ती रुजून वाढू लागली की शेंडा खुडा. फुले थोडी उशिरा येतात पण फांद्या वाढतात.

तेरड्याचे बी याच रीतीने धरता येते, फक्त शेंग हात लावताच फुटते, म्हणून ती पिवळसर होताच कापडी पिशवीत खुडा. गोकर्णाचे कवच कठीण असते, ते रात्रभर भिजवून पेरा. मोगऱ्याला मात्र बी शोधत बसू नका. तो फाट्यावरच लावतात.