पॅकेज बसविले, पण आयात होत नाही : पायथन शिकणाऱ्यांसाठी एक पाठ

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे तालुक्याचे गाव राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वर आहे. याच तालुक्यात कडोदरा परिसरातील रंगाई-छपाईचे कारखाने आहेत, चलथानचा सहकारी साखर कारखाना आहे, आणि सुरतेहून जळगावकडे जाणारा रेल्वेमार्गही येथूनच जातो. या मार्गाने नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतून कामासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे सुरत परिसरात स्थायिक झाली. ज्या घरांतील वडीलधाऱ्यांनी यंत्रमागावर आयुष्य घालविले, त्या घरांतील मुले आता संगणकाकडे वळत आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन ही भाषा शिकविली जाते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे अनेक संगणकविषयक पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत.

पायथन शिकताना पहिल्या काही आठवड्यांतच एक अडचण बहुतेकांसमोर उभी राहते. पॅकेज बसविले जाते, ‘यशस्वीरीत्या बसविले’ असा संदेशही येतो. परंतु प्रोग्राम चालविताच संगणक ‘या नावाचे मॉड्यूल नाही’ असे इंग्रजीतून कळवितो. मातृभाषेतून शिकलेला विद्यार्थी अशा वेळी दोष स्वतःच्या इंग्रजीचा किंवा बुद्धीचा समजतो आणि नाद सोडून देतो. वस्तुतः ही त्रुटी बुद्धीची नसून पत्त्याची असते, आणि तिचा शोध क्रमाने घेता येतो. तो क्रम समजावून देणे हा या पाठाचा हेतू आहे. पाठात आज्ञा व नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत टंकित करावयाची असतात, हे ध्यानात ठेवावे.

१. बसविणे आणि आयात करणे

ही दोन कामे एक नव्हेत. ‘पिप’ हे साधन इंटरनेटवरील पायथनच्या सार्वजनिक भांडारातून पॅकेज उतरवून घेते आणि संगणकावरील एका फोल्डरमध्ये ठेवते. या फोल्डरला बहुधा ‘साइट-पॅकेजेस’ असे नाव असते. येथे पिपचे काम संपते. पुढे प्रोग्राममध्ये ‘इम्पोर्ट’ हा शब्द आला की पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्राम वाचून चालविणारा भाग, ते मॉड्यूल शोधू लागतो.

इंटरप्रिटर सगळा संगणक धुंडाळीत नाही. त्याच्याजवळ पत्त्यांची एक यादी असते. तिला ‘सिस डॉट पाथ’ म्हणतात. प्रोग्रामची फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर या यादीत सामान्यतः पहिला असतो. त्यानंतर पायथनसोबत येणाऱ्या प्रमाण ग्रंथालयाचे फोल्डर येतात आणि शेवटी साइट-पॅकेजेस. यादीत जे सापडले नाही ते संगणकात दुसरीकडे असले, तरी इंटरप्रिटरच्या दृष्टीने ते नाहीच. म्हणून ‘मॉड्यूल नाही’ याचा खरा अर्थ ‘माझ्या यादीतील पत्त्यांवर ते नाही’ एवढाच घ्यावा.

२. संदेश नीट वाचावा

त्रुटीचा संदेश लांबलचक असला तरी त्याची शेवटची ओळ प्रथम वाचावी. तेथे साधारणपणे तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार ‘मॉड्यूल-नॉट-फाउंड एरर’ हा होय. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या पायथन ३.६ पासून हे नाव रूढ झाले. यात मॉड्यूल मुळीच सापडलेले नसते. दुसरा प्रकार ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’ असा असतो. यात मॉड्यूल सापडलेले असते, पण त्यातील मागितलेली वस्तू मिळालेली नसते. तिसरा प्रकार विंडोज संगणकावर दिसतो : ‘डीएलएल लोड फेल्ड’. यात मॉड्यूल सापडते, परंतु त्याला लागणारी एखादी यंत्रभाषेतील फाइल सापडत नाही किंवा चालू शकत नाही. प्रत्येक प्रकाराचा उपाय वेगळा आहे. पॅकेज पुनःपुन्हा बसविणे हा तिन्हींवरचा एकच उपाय नव्हे.

३. एकाच नावाची दोन ठिकाणे

राजस्थानात सीकर जिल्ह्यातही पलसाणा नावाचे गाव आहे. पार्सलावर केवळ ‘पलसाणा’ लिहिले आणि जिल्हा लिहिला नाही, तर ते कोणत्या पलसाण्यास जाईल याचा भरवसा नाही. पार्सल पोहोचेल, पोचपावतीही मिळेल. पण ज्याला हवे त्याच्या हाती ते पडणार नाही.

पायथनच्या बाबतीत नेमके हेच घडते. एकाच संगणकावर पायथनच्या दोन-तीन आवृत्त्या सहज असतात : एखादी वर्षापूर्वी बसविलेली, एखादी नवी, एखादी दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली. प्रत्येक आवृत्तीचा साइट-पॅकेजेस फोल्डर वेगळा असतो. ‘पिप’ ही आज्ञा एका आवृत्तीची आणि प्रोग्राम चालविणारा इंटरप्रिटर दुसरा, असे झाले की पॅकेज एका ‘पलसाण्यास’ पोहोचते आणि त्याचा शोध दुसऱ्या ‘पलसाण्यात’ चालतो. पॅकेज बसूनही आयात न होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

याची परीक्षा सोपी आहे. जेथे त्रुटी येते त्याच प्रोग्रामच्या आरंभी दोन ओळी लिहाव्यात : पहिलीत ‘सिस’ हे मॉड्यूल आयात करावे आणि दुसरीत ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ छापावयास सांगावे. कोणता इंटरप्रिटर काम करीत आहे, त्याचा पूर्ण पत्ता समोर येतो. मग नुसती ‘पिप इन्स्टॉल’ अशी आज्ञा न देता, तो पूर्ण पत्ता लिहून त्यापुढे ‘-एम पिप इन्स्टॉल’ व पॅकेजचे नाव लिहावे. यामुळे जो इंटरप्रिटर प्रोग्राम चालवितो, त्याच्याच घरी पॅकेज पोहोचते. पार्सलावर जिल्हा लिहिण्यासारखेच हे आहे.

ज्युपिटर वहीत काम करणाऱ्यांनी विशेष दक्षता घ्यावी. वहीमागे चालणारा इंटरप्रिटर आज्ञा-खिडकीतील इंटरप्रिटरहून वेगळा असू शकतो. वहीतच टक्क्याच्या चिन्हासह ‘पिप इन्स्टॉल’ लिहिल्यास पॅकेज योग्य जागी बसते.

४. भांडारातील नाव आणि घरातील नाव

पुष्कळ पॅकेजांची भांडारातील नावे व आयातीची नावे भिन्न आहेत. शाळेच्या पटावर एक नाव आणि घरी हाक मारण्याचे दुसरे, तसाच हा प्रकार. ‘पिलो’ बसवावे लागते, पण आयात ‘पीआयएल’ या नावाने करावी लागते. ‘ओपनसीव्ही-पायथन’ आयात करताना ‘सीव्ही२’ होते. ‘सायकिट-लर्न’चे ‘एसकेलर्न’, ‘पायवायएएमएल’चे ‘वायएएमएल’ आणि ‘ब्यूटिफुलसूप४’चे ‘बीएस४’ होते. रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांचा भेद भांडार मानीत नाही. परंतु आयात करताना तो काटेकोरपणे पाळावा लागतो.

५. स्वतःच्याच फाइलीचा अडसर

यादृच्छिक संख्यांचा धडा शिकताना विद्यार्थी आपल्या फाइलीस ‘रँडम’ हेच नाव देतो. यादीत प्रोग्रामचा फोल्डर पहिला असल्यामुळे इंटरप्रिटरला प्रमाण ग्रंथालयातील ‘रँडम’ऐवजी विद्यार्थ्याचीच फाइल प्रथम सापडते आणि गोंधळ उडतो. अशा वेळी फाइलीचे नाव बदलणे हाच उपाय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मध्ये अशी शंका आल्यास संदेशातच नाव बदलण्याची सूचना मिळते. फाइलींना ‘सराव-१’, ‘पाऊस-नोंद’ अशा अर्थाची नावे रोमन लिपीत, जोडरेघेऐवजी अधोरेघ वापरून देण्याची सवय लावल्यास हा प्रसंग सहसा येत नाही.

६. मॉड्यूल सापडते, तरी काम अडते

समजा, एखाद्या तालुका कार्यालयातील लेखनिकास पर्जन्यमानाच्या नोंदींची एक्सेल फाइल पायथनने वाचावयाची आहे. त्याने ‘पांडाज’ बसविले आणि ते आयातही झाले. तरी फाइल उघडताना पुन्हा आयातीची त्रुटी आली. येथे पांडाज निर्दोष आहे. नव्या प्रकारच्या एक्सेल फाइली वाचण्यासाठी त्याला ‘ओपनपायएक्सएल’ या दुसऱ्या पॅकेजचे साहाय्य लागते, आणि ते आपोआप बसत नाही. संदेशात त्याचे नाव स्पष्ट दिलेले असते. म्हणजे संदेश वाचणाऱ्यास उत्तर तेथेच मिळते.

आवृत्ती बदलल्यामुळेही अडचण उद्भवते. पायथनच्या ‘कलेक्शन्स’ या मॉड्यूलमधून ‘मॅपिंग’ ही वस्तू पूर्वी आयात करता येत असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीत ती वाट बंद झाली. आता ‘कलेक्शन्स डॉट एबीसी’मधून ती घ्यावी लागते. जुन्या पुस्तकातील प्रोग्राम नव्या संगणकावर अडतो तो अशा कारणाने. पायथन २ चे पोषण तर १ जानेवारी २०२० रोजीच थांबले. त्या काळातील उदाहरणे जशीच्या तशी उतरवू नयेत.

७. प्रत्येक कामास स्वतंत्र दालन

एका कामास पॅकेजची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्यास नवी. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये नांदत नाहीत. यासाठी २०१२ मधील पायथन ३.३ पासून ‘वेन्व्ह’ ही सोय उपलब्ध आहे. तिच्यामुळे प्रत्येक कामासाठी पायथनचे स्वतंत्र दालन तयार करता येते. दालन तयार केल्यावर ते ‘सक्रिय’ करावे लागते. नवी आज्ञा-खिडकी उघडल्यावर सक्रिय करण्याचे राहून गेले, तर कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज ‘मॉड्यूल नाही’ म्हणतो. यात पॅकेज हरवलेले नसते. केवळ दालनाचे दार उघडायचे राहिलेले असते.

लिनक्स संगणकांवर प्रणालीची स्वतःची काही कामे पायथनवर अवलंबून असतात. तेथे प्रशासकाच्या अधिकाराने पिप चालविल्यास प्रणालीच बिघडण्याचा संभव असतो. म्हणून जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पिप प्रणालीच्या पायथनमध्ये पॅकेज बसविण्यास नकार देते. हा नकार मोडून काढण्याची आज्ञा आहे, पण तिचा वापर करू नये. दालन तयार करावे. शाळेतील एकाच संगणकावर अनेक वर्ग काम करीत असतील, तर हा नियम अधिकच महत्त्वाचा ठरतो.

८. घाईचा धोका

त्रुटी आली की तिच्याशी जुळणारे कोणतेही नाव ‘बसवून पाहावे’, असा मोह होतो. तो घातक आहे. पायथनच्या भांडारात पाच लाखांहून अधिक पॅकेजे आहेत आणि तेथे कोणीही पॅकेज ठेवू शकतो. प्रसिद्ध नावात एखादे अक्षर बदलून बनावट पॅकेज ठेवण्याचे प्रकार घडले आहेत. २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने अशी दहा बनावट नावे उघडकीस आणली. ‘युआरएलएलआयबी३’ या नावातील एक ‘एल’ गाळून केलेले नाव त्यांपैकीच एक. डिसेंबर २०१९ मध्ये ‘जेलीफिश’ या पॅकेजचे बनावट रूप सापडले. त्यात लहान ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ घातलेला होता. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. ते पॅकेज संगणकावरील गुप्त किल्ल्या चोरीत असे आणि जवळजवळ एक वर्ष ते भांडारात राहिले.

ज्या संगणकावर विद्यार्थ्यांची माहिती किंवा कार्यालयाचे हिशेब आहेत, तेथे एका अक्षराची चूक किती महागात पडेल याचा विचार करावा. पॅकेजचे नाव त्याच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतूनच घ्यावे. संदेशात दिसणारे आयातीचे नाव हेच भांडारातील नाव आहे, असे गृहीत धरू नये.

९. तपासणीचा क्रम

(१) संदेशाची शेवटची ओळ वाचून त्रुटीचा प्रकार ठरवावा.
(२) ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ छापून इंटरप्रिटरचा पत्ता लिहून घ्यावा.
(३) त्याच इंटरप्रिटरने ‘-एम पिप शो’ व पॅकेजचे नाव देऊन ते बसले आहे काय, कोठे व कोणत्या आवृत्तीचे, हे पाहावे.
(४) आयातीचे नाव माहितीपुस्तिकेशी अक्षरशः ताडून पाहावे.
(५) त्याच नावाची आपली फाइल फोल्डरमध्ये नाही, याची खात्री करावी.
(६) ‘-एम पिप चेक’ ही आज्ञा देऊन पॅकेजांचा परस्परांशी मेळ बसतो काय, हे तपासावे.
(७) एवढ्यानेही उलगडा न झाल्यास नवे दालन तयार करून त्यात केवळ आवश्यक तेवढीच पॅकेजे बसवावीत.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर प्रोग्राम चालवून पाहावा. तीन बदल एकदम केल्यास अडचण दूर होईलही. पण ती कशामुळे दूर झाली हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेस सर्व खटाटोप पुन्हा करावा लागतो.

शिक्षकांसाठी सूचना

शिक्षकांनी विद्यार्थ्यासाठी त्रुटी स्वतः दुरुस्त करून देण्यापेक्षा त्याच्याकडून संदेश मोठ्याने वाचून घ्यावा व त्याचा अर्थ मराठीत सांगावयास लावावा. वर्गात एक नोंदवही ठेवून तीत संदेश, कारण व उपाय असे तीन रकाने आखावेत. काही महिन्यांत ही वही वर्गाचेच एक उपयुक्त पुस्तक बनेल. ज्या विद्यार्थ्याच्या घरी विचारण्यास कोणी नाही, त्याला या वहीचा विशेष आधार होईल. ‘मला येत नाही’ आणि ‘इंटरप्रिटरला सापडत नाही’ या दोन वाक्यांतील अंतर विद्यार्थ्यास एकदा उमगले, की तो त्रुटीला भिण्याचे सोडून तिचा शोध घेऊ लागतो.

स्वाध्याय

१. ‘बसविणे’ व ‘आयात करणे’ यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. आपल्या शाळेतील संगणकावर पायथनच्या किती आवृत्त्या आहेत? प्रत्येकीचा पत्ता शोधून लिहा.
३. भांडारातील नाव व आयातीचे नाव भिन्न असलेली तीन पॅकेजे सांगा.
४. काल चालणारा प्रोग्राम आज ‘मॉड्यूल नाही’ म्हणतो. याची दोन संभाव्य कारणे लिहा.