शेतांतील जखम आणि धनुर्वात

ज्या जमिनीस पिढ्यान् पिढ्या शेणखत पडत आलें आहे, ती जमीन पिकाला जितकी हितकर तितकीच उघड्या जखमेला घातक असते. धनुर्वाताचा जंतु घोडा, बैल, गाय, मेंढी इत्यादि जनावरांच्या आंतड्यांत त्यांस उपद्रव न देतां राहतो, शेणालिदीवाटें उकिरड्यांत येतो व खताबरोबर शेतांत जातो. बाहेर पडल्यावर तो टणक कवचाच्या बीजाणूचें रूप घेतो. हा बीजाणु ऊन, थंडी व कोरड यांस दाद देत नाहीं, मातींत वर्षानुवर्षें टिकतो आणि साध्या उकळत्या पाण्यांतूनही पुष्कळदां जिवंत निघतो. तेव्हां आपल्या शेतांत हा जंतु आहे कीं नाहीं, हें विचारीत बसण्याचें कारण नाहीं. तो आहे असें धरूनच चालावें.

या जंतूची एक खोड मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्यास हवा मानवत नाहीं. १८८९ मध्यें कितासातो या जपानी शास्त्रज्ञानें हवा वगळून वाढविला, तेव्हांच तो शुद्ध स्वरूपांत हातीं आला. म्हणून जी जखम रुंद, उघडी व भळभळा वाहणारी, तिच्यापेक्षां जी अरुंद, खोल व लगेच तोंड मिटणारी, ती या रोगाच्या दृष्टीनें अधिक वाईट. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगांव, नेवासें या बाजूस ऊस तुटल्यावर जमिनींत राहिलेले धारदार बुडखे; पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे बाभळीचा कांटा व ज्वारीचें धसकट; आणि सर्वत्र उकिरड्यांतील खिळा किंवा कुळवाची पास, हींच आपल्याकडील धनुर्वाताचीं दारें होत. गंजामुळें धनुर्वात होतो हा समज बरोबर नव्हे. गंजक्या खिळ्याच्या खरबरीत अंगास माती व शेण चिकटून राहतें आणि तो खोल शिरतो, एवढाच त्याचा दोष. शेणानें माखलेला नवा कोरा खिळाही तितकाच वाईट.

मातीचा केवढा अल्प स्पर्श पुरतो, याचें एक उदाहरण आपल्या इलाख्याशीं निगडित आहे. मुंबईस परळ येथील हाफकीन यांच्या प्रयोगशाळेंत तयार झालेली प्लेगची लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं टोचण्यांत आली. त्या दिवशीं १०७ लोकांस टोचलें. पैकीं एकाच बाटलींतील लस घेतलेले १९ जण धनुर्वातानें मरण पावले. बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतां केवळ कार्बोलिकच्या पाण्यांत बुचकळून पुन्हा वापरला गेला, असें पुढें पुराव्यांत आलें. ठपका प्रथम हाफकीन यांजवर आला. ते निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडावें लागलें.

आतां जखम झाल्यावर काय करावें तें पाहूं. पहिलें काम धुण्याचें. स्वच्छ वाहतें पाणी व साबण घेऊन दहापंधरा मिनिटें जखम मनापासून धुवावी. दिसणारी माती व कांट्याचा तुकडा काढून टाकावा. खोल मोडलेला कांटा घरच्या सुईनें कोरीत बसूं नये, तो डॉक्टरांकडून काढवावा. मेलेलें मांस कापून टाकणें व अशी जखम शिवावी कीं उघडी ठेवावी हें ठरविणें, हींही त्यांचींच कामें. जखमेवर शेण, राख, माती, चुना, तंबाखू यांपैकीं कांहींही भरूं नये. शेण भरणें म्हणजे जंतु हातानें आंत घालून वर झांकण बसविणेंच होय. हळदीविषयीं घरोघर आदर आहे. तो स्वयंपाकघरापुरता असावा हें बरें.

लक्षणें बहुधा तीन ते एकवीस दिवसांत दिसतात. तोंवर जखम भरून विस्मृतींत गेलेली असते. जंतु जखमेंतच राहतो, परंतु त्याचें विष मज्जातंतूंच्या वाटेनें पाठीच्या कण्याकडे जातें. प्रथम जबडा आखडून तोंड उघडेनासें होतें, मग मान व पोट ताठतें, आणि पुढें झटक्यांनीं शरीर धनुष्यासारखें वांकतें. रोगाचें नांव त्यावरूनच पडलें. रोगी या सर्व यातना शुद्धीवर राहून भोगतो. जबडा आखडतांच, तोंडांत कांहीं ओतण्याचा प्रयत्न न करतां, त्यास मोठ्या रुग्णालयांत न्यावें. तेथेंही आठवडेच्या आठवडे झुंज असते, व नाडींत एकदां शिरलेलें विष कोणत्याही औषधानें परत निघत नाहीं.

याकरितां खरा बचाव जखमेपूर्वींच्या लशींत आहे, आणि येथेंच आपल्या वर्गाची मोठी गफलत होते. गरोदर स्त्रियांस ही लस देण्यांत येते. बालकांचें लसीकरण देशांत १९७८ पासून सुरू होऊन १९८५ पासून सार्वत्रिक होत गेलें. त्यायोगें, आणि दवाखान्यांतील बाळंतपणांमुळें, माता व अर्भकें यांचा धनुर्वात भारतांतून निवारला गेल्याचें २०१५ मध्यें जाहीर झालें. जो मागें राहिला तो पन्नाशी ओलांडलेला पुरुष शेतकरी. त्यानें आयुष्यांत लागलें खुपलें तेव्हां एखादें इंजेक्शन घेतलें असेल. तेवढ्यावर तो निर्धास्त असतो. परंतु ज्याचे तीन डोस कधींच पुरे झाले नाहींत, त्याच्या अंगांत एका डोसानें त्या जखमेपुरती शक्ति वेळेवर उत्पन्न होत नाहीं. मळकट जखम झाल्यास अशा माणसास लशीबरोबरच तयार प्रतिविषही टोचावें लागतें. पूर्वीं हें प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून काढीत. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचा १९६६ नंतरचा आरंभीचा व्यवसाय तोच. ज्याच्या लिदींतून रोग येतो त्याच प्राण्याच्या रक्तांतून उतारा मिळावा, ही गंमतच. हल्लीं मानवी रक्तापासून काढलेलें अधिक निर्धोक समजतात.

डोस पुरे झालेल्या मनुष्यास मळकट जखमेच्या वेळीं शेवटच्या डोसास पांच वर्षें होऊन गेलीं असल्यास एक डोस पुरतो. स्वच्छ किरकोळ जखमेस ही मुदत दहा वर्षांची. म्हणून तारीख लिहून ठेवणें अगत्याचें आहे, नाहीं तर डॉक्टरही अंदाजानेंच चालणार. एकदां धनुर्वात होऊन वांचलेल्यासही लस चुकत नाहीं, कारण त्या रोगापासून प्रतिकारशक्ति येत नाहीं.

जनावरांपैकीं घोडा या रोगास फार लवकर बळी पडतो. शेळ्यामेंढ्यांसही खच्चीकरणाच्या किंवा कातरणीच्या जखमेंतून तो होतो. खच्ची करण्यापूर्वीं पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा.

ज्यांचे डोस झाले नाहींत त्यांनीं प्राथमिक आरोग्य केंद्रांत विचारावें. पूर्वींच्या टीटीच्या जागीं आतां घटसर्पासह असलेली टीडी ही लस आली आहे. दुसरा डोस पहिल्यानंतर एक महिन्यानें, तिसरा दुसऱ्यानंतर सहा महिन्यांनीं व पुढें दर दहा वर्षांनीं एक, असा क्रम आहे. आषाढांत आरंभ केल्यास दुसरा डोस श्रावणांत होतो, म्हणजे ऊसतोडीपूर्वीं दोन डोस अंगीं लागतात, आणि तिसरा माघांत येतो.